लाल फितीची झाडं

(सावनेरजवळची संत्र्याची नवी बाग. झाडं दोन वर्षांची, कमरेएवढी. खोडांना रंगीत फिती बांधलेल्या. दिवाळी होऊन आठवडा झालेला. दुपार कलते आहे. बांधावरच्या कडुलिंबाखाली दोघी बसल्या आहेत.)

आत्या : हालू नको म्हनतं, खोकलू नको म्हनतं. मंग मले इथं आनून बसवलं कायले?

हर्षा : सोबतीले. बोल ना तू, फक्त हळू बोल. ते समोरचं लाल फीतवालं झाड दिसून राहिलं का? त्याच्यावर काही येऊन बसलं तर मले दिसलं पाहिजे.

आत्या : तीन दिवस झाले पाहूनच राहिली. असं काय येनार हाय?

हर्षा : तेच तर माहीत नाही.

आत्या : घ्या! नागपूरले जाऊन दोन वर्षं नुसते किडे शिकली. एमएस्सी का काय ते. आन् आता किडा कोनता, ते माहीत नाही म्हनते.

हर्षा : माहीत असता तर शिकायला कायले गेली असती?

आत्या : उलटं बोलनं तेवढं चांगलं शिकवलं तुले.

हर्षा : ते तुह्यापाशीच शिकली. कॉलेजात नाही.

आत्या : ऊन आलं तिकडं. सरक माह्याकडं.

हर्षा : आत्या, एक विचारू? रोहितदादा नुसता फवारणीपुरता येते. मी रविवारची येते. रोज बागेत तूच असतं. त्या लाल झाडाइवर तुले कधी काही दिसलं का? बारीक माशी, मुंगळे, एखादं पाखरू? काहीही.

आत्या : काहून?

हर्षा : परवा सांगतलं ना मी.

आत्या : तू फोनवर सांगत होती कोनाले तरी. मले नाही सांगतलं.

हर्षा : बरं, आता ऐक. चार रंगाच्या फिती बांधल्या ना आपण जुलैत? पिवळीवाल्या झाडाइले निंबोळी अर्क. निळीवाल्याइले जिवाणूची पावडर. पांढरीवाल्याइले दुकानातलं औषध. आन् लालवाल्याइले काहीच नाही. मंग दर रविवारी मी आली आन् अळ्या मोजल्या.

आत्या : मोजल्या. पान पान उलटून मोजल्या. पान्यापावसात मोजल्या. मी छत्री धरून उभी राहो तुह्या वहीवर.

हर्षा : वहीवर! माह्यावर नाही.

आत्या : तू ओली झाली तर वायतं. वही कुठं वायते?

हर्षा : मंग आता सांग. सगळ्यात जास्त अळ्या कुठं निघायला पाहिजे?

आत्या : मले काय विचारतं?

हर्षा : सांग ना. ज्या झाडाले औषधच मारलं नाही, तिथंच ना?

आत्या : असंन बाप्पा.

हर्षा : तिथं सगळ्यात कमी निघाल्या! दुकानातल्या औषधापेक्षाही कमी. एक-दोन आठवडे नाही, चार महिने. कॉलेजातल्या सुमंत सरांनी दोनदा चष्मा पुसला. म्हणाले, हर्षा, बेरीज चुकली. मी पुन्हा बेरीज केली. मंग ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आन् म्हणाले, त्या झाडांवर कोणीतरी आहे.

आत्या : कोनीतरी हाय म्हनले?

हर्षा : हो.

आत्या : असंच म्हनले?

हर्षा : असंच. अळ्या खाणारं, नाही तर अळीच्या पोटात अंडी घालणारं. एक असते गांधीलमाशी, तिळाएवढी. ती अळीच्या अंगात अंडी घालते. आपल्याले वाटते अळी जिवंत हाय, पान खाऊन राहिली, पण आतून ती माशीच्या पिल्लाइचं घर झाली असते. तसं काहीतरी असेल. अन् एखाद वेळेस कोणी आजवर न पाहिलेलं असेल, आत्या. तसं निघालं तर त्याले नाव द्या लागते.

आत्या : नाव कोन ठेवते? आत्या?

हर्षा : तू हसून राहिली का?

आत्या : बारशाले आत्याच लागते ना वं. म्हनून विचारलं.

हर्षा : रात्री डोळे मिटले की दिसते मले. पानाच्या कडेवर बसली हाय, मिशा हलवून राहिली. पंख असे, म्हणजे असून नसल्यासारखे, ऊन पडलं तरच रंग दिसते. मी जाळी उचलते तर ती उडत नाही. थांबते. जसं काही तिलेच वाटून राहिलं की आता बस झालं लपणं. एवढी सुंदर वाटते, आत्या, की मले पकडूशीच वाटत नाही.

आत्या : मंग नको पकडू.

हर्षा : पकडल्याशिवाय कसं? गुरुवारी सेमिनार हाय. साऱ्या कॉलेजासमोर मले सांगायचं हाय. सरांनी चिठ्ठी लावली बोर्डावर, माह्या नावाची. जूनमध्ये थीसिस, मंग पीएचडीची परीक्षा. सर म्हणाले, ही माशी सापडली तर पुढची तीन वर्षं तिच्यावरच काम कर.

आत्या : तीन वर्षं माशीवर?

हर्षा : एकेकाचं आयुष्य जाते एका माशीवर.

आत्या : कुंभारीन असंन ते.

हर्षा : काय?

आत्या : कुंभारीन नाही का, पिवळ्या कमरेची. मातीचं मडकं करते भिताडाले आन् हिरव्या अळ्या नेऊन कोंबते त्याच्यात. गोठ्याच्या भितीले दोन मडके हाय. तेच नेत असंन. लिहून टाक तुह्या वहीत, कुंभारीन म्हनून.

हर्षा : कुंभारीण लहान अळ्या नेते, आत्या. बोटाएवढी जाड अळी तिले उचलतच नाही. अन् तिले कसं समजन की लाल फीत कोणत्या झाडाले हाय? बाजूच्या पिवळ्यावर, निळ्यावर का जात नाही ती?

आत्या : पोट्टीची जात. लाल रंग आवडत असंन.

हर्षा : आत्या!

आत्या : मंग तो मिरगाचा किडा. मखमलीचा. तो बी लालच राहते.

हर्षा : तो तर किडाच नाही. आठ पाय असतात त्याले. किड्याले सहा. पहिल्या वर्षी पहिल्याच दिवशी शिकवते हे: आधी पाय मोज, मंग बोल.

आत्या : आमी जलमभर किडा म्हनलं त्याले. हातावर घेऊन फिरलो. कोनी पाय नाही मोजले.

हर्षा : मले बी वाईट वाटलं होतं ते समजलं तवा.

आत्या : ते पेटीतले बी तसेच मोजले का तू? कापसाच्या गादीवर टाचनीनं टोचलेले होते ते? दिवाळीच्या साफसफाईत हाती आली मायबाई ते पेटी, उघडली तर चतुर, नाकतोडे, भुंगे, सारे एका ओयीत. जसे काही फोटोले उभे राह्यले. प्रत्येकाखाली चिठ्ठी.

हर्षा : पन्नास गोळा करा लागतात. चिठ्ठीवर गाव, तारीख अन् कोणी पकडला त्याचं नाव. चिठ्ठी नसली तर किडा कितीही चांगला असो, त्याले काही किंमत नाही.

आत्या : मी वाचल्या साऱ्या चिठ्ठ्या. सावनेर, सावनेर, सावनेर. सारे आपल्याच गावचे. बरं वाटलं.

हर्षा : दे ना थोडा चिवडा. कधीचा पदराखाली धरून बसली.

आत्या : घे. तुह्यासाठीच आनला.

हर्षा : आत्या, यंदा काय झालं तुले? दिवाळीचा चिवडा अन् गोडलिंबाचं एक पान नाही. पोळ्यापासून वरणात नाही, कढीत नाही. घरामागं एवढं मोठं गोडलिंबाचं झाड, माणूस शेजाऱ्याले वाटत फिरते.

आत्या : वायलं ते.

हर्षा : वाळलं? पावसाळ्यात?

आत्या : पानं झडली. किती प्रश्न विचारतं! खा गपचूप.

हर्षा : थांब. हात दे.

आत्या : काहून?

हर्षा : हात दे तुहा. कायचा वास येऊन राहिला?

आत्या : लसनाचा असंन. चटनी केली सकायी.

हर्षा : लसणाचा नाही. हा वास मले झोपेत बी ओळखू येते. लिंबावरची अळी डिवचली की डोक्यातून दोन लाल शिंगं बाहेर काढते, त्याचा वास हाय हा. संत्र सडल्यासारखा, थोडासा लोण्यासारखा. बोटाले लागला की दोन दिवस जात नाही.

आत्या : राखेनं धुतले होते मी.

हर्षा : काय धुतले होते?

आत्या : हात.

हर्षा : आत्या, माह्याकडं पाह्य.

आत्या : पाहूनच राहिली.

हर्षा : आज सकाळी मी आंघोळीले गेली तवा तू कुठं होती?

आत्या : इथं.

हर्षा : काय करत होती?

आत्या : ते समोरच्या झाडावर चार दिसल्या. मोठ्याल्या. म्हनलं तू येऊन बसशीन आन् तुले दिसंन. म्हनून काढल्या.

हर्षा : काढल्या.

आत्या : हो.

हर्षा : आजच काढल्या?

आत्या : रोजच काढत होती.

हर्षा : रोज म्हणजे?

आत्या : तू फिती बांधून गेली तवापासून. दुपारी भांडे झाले की डबा घ्यायचा आन् यायचं. ते बी तुहे झाडं एका ओयीत नाही. इथं एक, तिथं एक, पार त्या टोकाले एक. पाहत पाहत जा लागे. शनवारी दोन फेऱ्या करो.

हर्षा : शनिवारी काहून दोन?

आत्या : रविवारी तू येनार ना! पाहुना येनार म्हनलं की घर नाही का झाडत आपन?

हर्षा : अगं बाई गं.

आत्या : रागावली?

हर्षा : मी लाल झाडाइले काही करू नका म्हणून सांगतलं होतं ना?

आत्या : औषध मारू नका म्हनलं होतं. मी कुठं औषध मारलं? रोहितले बी नाही मारू देल्लं. एक दिवस चुकून नळी नेत होता तिकडं, त्याच्या अंगावर धावली मी.

हर्षा : पण कशासाठी, आत्या? बाकीच्या झाडाइच्या का नाही काढल्या मंग?

आत्या : त्या कायले काढू? ते तुहे नाहीत. त्याइले औषध हाय. तूच म्हनली होती, फीत बांधता बांधता. मी विचारलं, लाल कोनते वं? तू म्हनली, लाल म्हंजे माहे झाडं, त्याइले कोनी हात लावू नका.

हर्षा : मी असं म्हणाली?

आत्या : याच जागेवर. आता मले सांग, तुह्या झाडाइले अळी खाऊन राहिली, उघडे बोडके होऊन राहिले, कोनी औषध देत नाही, आन् मी इथून पाहू? कसं पाहू?

हर्षा : मारल्या का त्या साऱ्या?

आत्या : नाही बाप्पा.

हर्षा : मंग?

आत्या : उठ. दाखवतो तुले. चपला घाल, तिकडं काटे हाय. दूर नाही, आपल्या घरामागं, गोठ्यापाशी.

हर्षा : आत्या, हळू चाल. मले काही सुचून नाही राहिलं.

आत्या : माहा हात धर मंग. हं. आता इथंच थांब. आता पाह्य वर.

हर्षा : हे आपलं गोडलिंबाचं झाड? मी बागेतच राहते, इकडं कधी आलीच नाही.

आत्या : हो.

हर्षा : एक पान नाही याच्यावर. नुसत्या काड्या.

आत्या : काड्या नको पाहू. काड्याइच्या आजूबाजूले पाह्य.

हर्षा : अगं… किती फुलपाखरं ही!

आत्या : ऊन कललं की अशीच निंगते. सकायी पंख वायवत बसते गोठ्याच्या कौलावर. कायेभोर, पिवळ्या ठिपक्याइचे. मांगच्या पंखाले लाल टिकली. पाह्य, ते एक तुह्या खांद्यावर येऊन बसलं. हालू नको.

हर्षा : शंभर असतील.

आत्या : जास्ती. मी मोजले नाही. मोजनं तुहं काम.

हर्षा : भिंतीले हे सारे कोश? हे पण तू लावले?

आत्या : ते आपल्या मनानं चढले. मी फक्त गाईले तिकडच्या दावनीले बांधलं, शेपटीनं झटकंन म्हनून. एक दिवस बसली होती इथं, एकच कोश पाहत. सकायपासून बसली. पहिले काचेसारखा झाला, आतला पंख दिसे. मंग फाटला. ओलं ओलं काहीतरी बाहेर आलं, चिंधीवानी. मले वाटलं गेलं हे. आन् ते उलटं लटकून आपले पंख मोठे करत राह्यलं, करत राह्यलं. भाकर करपली माही त्या दिवशी.

हर्षा : तुले माहीत होतं गोडलिंबावर ही जगते म्हणून?

आत्या : तूच सांगतलं. चौथीत होती. बरनीत अळी ठेवली होती, लिंबाचे पानं संपले तर गोडलिंबाचे टाकले. फुलपाखरू निंगालं तवा केवढी ओरडली तू, साऱ्या मोहल्ल्यातले लोक जमा झाले. तवापासून मले ते अळी चिरडताच येत नाही. चपलीखाली आली तरी पाय उचलतो मी.

हर्षा : अन् ही सारी फुलपाखरं उडून कुठं जातात, आत्या?

आत्या : जाते कुठं तरी. बागेत जाते.

हर्षा : बागेत जाऊन अंडी घालतात. साऱ्या झाडाइवर. पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या.

आत्या : हो का?

हर्षा : म्हणून पांढऱ्या फितीवरच्या अळ्या संपत नव्हत्या! दादा औषध मारे अन् आठ दिवसांनी पुन्हा तेवढ्याच. सर म्हणत, औषध बनावट असेल, दुकान बदला. आम्ही दुकान बदललं, आत्या. दोनदा.

आत्या : अवो मायबाई.

हर्षा : एकीकडून तू काढत होती अन् दुसरीकडून तूच वाढवत होती.

आत्या : हासून राहिली का रडून राहिली तू?

हर्षा : मले बी नाही समजून राहिलं.

आत्या : बस इथं. खाली बस. पानी आनू?

हर्षा : नको. सारं गेलं, आत्या. चार महिने गेले.

आत्या : असं काय म्हनतं? कमी अळ्या निंगाल्या, चांगलंच झालं ना?

हर्षा : लाल झाडं खाल्ली जायला पाहिजे होती. त्याच्यासाठीच होती ती. काही न करता किती नुकसान होते, तेच समजलं नाही तर औषधानं किती फायदा झाला, हे कशाशी ताडून पाहायचं?

आत्या : थांब. थांब जराशी. म्हंजे थंडीत साऱ्याइले पांघरून द्यायचं, कोनाले गोधडी, कोनाले चादर. आन् एकाले उघडंच ठेवायचं. म्हंजे थंडी खरी किती होती ते समजते.

हर्षा : हो.

आत्या : आन् मी रात्री उठून त्या उघड्यावर पांघरून टाकत होती.

हर्षा : हो.

आत्या : एवढंच होतं?

हर्षा : एवढंच.

आत्या : हे तू मले जुलैत काहून नाही सांगतलं?

हर्षा : मले वाटलं…

आत्या : काय वाटलं? आत्याले समजनार नाही?

हर्षा : सरांना सांगतलं, वर्गात सांगतलं, फळ्यावर आकृती काढून सांगतलं. तुले फीत बांधताना एका वाक्यात उरकलं. चूक माही हाय.

आत्या : मी सासर सोडून आली तवा तू सा महिन्याची होती. तुही माय शाळेत शिकवाले जाये. जाता जाता तुले माह्या हाती देल्लं आन् म्हने, भीमाबाई, दुपारी ताप पाहजा हिचा. बस. तिनं बी तेवढंच सांगतलं होतं. पन ते पुरलं, कारन काय करायचं ते मले माहीत होतं. हे नव्हतं माहीत मले.

हर्षा : रडू नको ना. तू रडली तर मी काय करू?

आत्या : ऐक. कोनाले माहीत हाय हे? मी कोनाले नाही सांगत. रोहितले बी नाही माहीत. तुहे सर खुशीत हाय, बोर्डावर तुहं नाव हाय. गुरुवारी जा आन् सांग, कोनीतरी हाय म्हना, सापडलं नाही अजून. खोटं कुठं हाय त्याच्यात? कोनीतरी होतंच ना.

हर्षा : खोटं नाही म्हणा.

आत्या : मंग?

हर्षा : तू कबूल केलं ना, त्याच क्षणी माह्या मनात हेच आलं होतं. लाज वाटते सांगायला, पण आलं. वाटलं, चूप बसू. परीक्षा देऊ, पुढं जाऊ. मंग मले पुढच्या वर्षीची एखादी पोरगी दिसली. माहा थीसिस वाचून इथं येईल, याच बांधावर बसेल, अन् नसलेल्या माशीची वाट पाहत राहील. तीन वर्षं.

आत्या : ते बी चिवडा खात.

हर्षा : तो बी गोडलिंबाशिवाय. फोन दे माहा. तिकडं पिशवीत हाय.

आत्या : आत्ताच करतं?

हर्षा : आत्ता नाही केला तर उद्या करणार नाही.

आत्या : मंग ते स्पीकरवर कर. माह्यापायी झालं, मले ऐकू दे.

हर्षा : हॅलो, सर? हर्षा बोलते. बोलू शकता का दोन मिनिटं?

सर : बोल, बोल. सापडली का?

हर्षा : सर, माशी नाही.

सर : मुंग्या आहेत? मला मुंग्यांची शंका होतीच.

हर्षा : माझी आत्या आहे, सर.

सर : काय म्हणालीस? आवाज तुटतोय.

हर्षा : माझी आत्या. भीमाबाई. ती रोज दुपारी लाल फितीच्या झाडांवरच्या अळ्या हाताने वेचत होती. जुलैपासून. मी तिला नीट समजावलं नव्हतं, सर. कंट्रोल म्हणजे काय, ते सांगितलंच नाही. आणि वेचलेल्या अळ्या तिने घरामागच्या गोडलिंबावर सोडल्या. इथे आता शंभरेक फुलपाखरं आहेत. ती बागेत येऊन पुन्हा अंडी घालत होती. म्हणजे बाकीचे आकडेही… सर? आहात ना?

सर : आहे. बसलो जरा.

हर्षा : सर, तुम्ही रागवा.

सर : दुकान दोनदा बदललं आपण.

हर्षा : हो, सर.

सर : मी त्या दुकानदाराला काय काय बोललो, हर्षा.

हर्षा : सर, तुम्ही हसताय?

सर : हसत नाही. म्हणजे, थोडंसं. हे बघ, डेटा गेला. त्यात काही वाचवता येणार नाही, खोटी आशा देत नाही तुला. सेमिनारची चिठ्ठी मी काढतो. जूनला थीसिस होणार नाही, म्हणजे यंदाची परीक्षाही नाही. पुढच्या जुलैत पुन्हा सुरुवात. वर्ष जाईल तुझं. कळतंय ना?

हर्षा : कळतंय, सर.

सर : माझीही चूक आहे. मी तिथे एकदाच आलो आणि रस्त्यावरून गाडीतूनच झाडं बघून गेलो. आत्या आहेत का जवळ?

आत्या : जय भीम, सर. मीच ते.

सर : जय भीम, ताई. एक विचारतो. दहा झाडांवरच्या अळ्या वेचायला तुम्हाला रोज किती वेळ लागायचा?

आत्या : सुरवातीले दुपार जाये सारी. मंग हात बसला. लहान अळी पाखराच्या विष्ठेवानी दिसते, ते पयले दिसतच नाही. मले दिसाले लागली. कोवया पानाच्या टोकाले अंडं राहते, मोत्यावानी. ते पानच खुडून घेतलं की अळीच होत नाही. मंग अर्ध्या घंट्यात काम.

सर : हर्षा, लिहून घेतेस का हे?

हर्षा : घेते, सर.

सर : ताई, पुढच्या वर्षी आपण पाचवी फीत बांधू. त्या झाडांवर औषध नाही, फक्त तुमचा हात. रोज किती वेळ लागला, किती अळ्या निघाल्या, सगळं लिहायचं. पण लालला हात लावायचा नाही. आणि वेचलेल्या अळ्या गोडलिंबावर सोडायच्या नाहीत. जमेल?

आत्या : सोडायच्या नाही म्हंजे मारायच्या?

सर : ते तुम्ही दोघी ठरवा. बागेपासून लांब न्या, काय वाटेल ते करा. बाग सोडून.

आत्या : आन् लाल झाडाइले अळ्या खाऊन राहिल्या तर?

सर : खाऊ द्यायच्या.

आत्या : खाऊ द्यायच्या. बरं. आता समजलं ना कायसाठी ते. तिकून जाईन तवा दुसरीकडं पाहीन मी.

सर : हर्षा, सोमवारी ये भेटायला. आणि रविवारी एकदा जाऊन भागत नाही हे दिसलं आपल्याला. पुढच्या हंगामात बुधवारीही जा. ठेवतो.

आत्या : ठेवला?

हर्षा : ठेवला.

आत्या : चांगला मानूस हाय. ओरडला नाही.

हर्षा : ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आत्या : तुह्या संगच्या पोट्ट्या?

हर्षा : त्या जातील पुढं. कोणी दिल्लीले, कोणी हैदराबादले. नागपुरातल्या जरीपटक्याच्या खोलीत दुसऱ्या कोणी येतील. मी तिथंच राहीन.

आत्या : माह्यापायी.

हर्षा : तसं नको म्हणू. मले वाईट वाटून राहिलं, खूप वाटून राहिलं, पण तुहा राग नाही येत. कसा येईल? चार महिने कोणी माह्या झाडाइवर असं लक्ष ठेवलं असतं का?

आत्या : रविवारी आन् बुधवारी बी येशीन म्हनले ना सर?

हर्षा : हो.

आत्या : साऱ्या पावसायाभर?

हर्षा : सारा पावसाळा.

आत्या : हर्षे.

हर्षा : हं?

आत्या : एक सांगू? मनाले लावून नको घेऊ.

हर्षा : सांग.

आत्या : तुहं वर्ष गेलं, मले लय वाईट वाटते. खरंच वाटते वं. पन सर म्हनले ना, पुन्हा जुलैत सुरू कर म्हनून, तवा पयले मले आनंद झाला. मंग वाईट वाटलं. पयले आनंदच झाला. लाज वाटते मले.

हर्षा : सरक जराशी, मले तुह्यापाशी बसू दे.

आत्या : साडेपाचची बस हाय तुही. आता निंगली नाही तर चुकंन.

हर्षा : सकाळच्या बसनं जाईन, आत्या.